पाया धन असावा, पण एक नसावा

(आकुर्डी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते सर गणिताचे. पहिली पाळी संपवून संध्याकाळी डिप्लोमाच्या वर्गात येऊन बसणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर शिकवलं. फळ्यावर एखादी अट लिहिली की ती मोडली तर काय होतं, हे त्याच तासाला बघायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणून आज मी पाठ्यपुस्तकातली एकच ओळ घेऊन आलो आहे. लॉगरिदमची व्याख्या संपता संपता ती येते. पाया धन असावा, पण एक नसावा. आणि ज्या संख्येचा लॉग काढायचा ती संख्याही धन असावी. मुलं ही ओळ पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि विसरतात. ती कुठून आली, हे त्यांना कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की ही ओळ वरून चिकटवलेली नाही. लॉगरिदम जो प्रश्न विचारतो, त्या प्रश्नातच ती आहे.

प्रश्न काय आहे? दोन किती वेळा घेऊन गुणले की आठ होतात? तीन वेळा दोन घ्यावे लागतात, म्हणून पाया दोन धरला तर आठचा लॉग तीन. पायाचा कितवा घात घेतला की ही संख्या मिळेल, एवढंच लॉगरिदम विचारतो.

या सभागृहात लेथवर हात बसलेले अनेकजण असतील. लेथच्या हेडस्टॉकवर स्पिंडलच्या वेगांचा तक्ता असतो. कितीतरी यंत्रांवर त्यातले आकडे साधारण असे जातात: ५०, ६३, ८०, १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५००. ५०, १००, १५०, २०० असे सरळ आकडे का घेत नाहीत? कारण कटिंग स्पीड व्यासावर अवलंबून असतो. जॉबचा व्यास बदलला की फेरे बदलावे लागतात, आणि नेमका हवा तो वेग तक्त्यात नसला तर जवळचा घ्यावा लागतो. लागोपाठच्या दोन वेगांमधलं गुणोत्तर सगळीकडे सारखं ठेवलं, तर लहान जॉब असो की मोठा, होणारं नुकसान टक्केवारीत एका मर्यादेतच राहतं. वरच्या तक्त्यात ते गुणोत्तर साधारण १.२६ आहे. ते असं निवडलं आहे की दहा पायऱ्या चढलं की वेग दहापट व्हावा. अशा श्रेणींना फ्रेंच लष्करातल्या शार्ल रेनार या अभियंत्याचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकात फुग्यांच्या दोरखंडांचे शेकडो आकार मूठभर आकारांवर आणण्यासाठी त्याने हा मार्ग काढला.

आता ऑपरेटर विचारतो: शंभरावर आहे, दोनशे हवेत, किती पायऱ्या वर जाऊ? तक्ता बघा: १२५, १६०, २००. तीन. १.२६ या पायावर दोनचा लॉग जवळजवळ तीन आहे, हेच त्याने शोधलं. त्याने पायऱ्या मोजल्या, म्हणजे लॉगरिदम काढला.

मग या गिअरबॉक्सचं गुणोत्तर एक केलं तर? तक्ता होईल १००, १००, १००, १००. लिव्हर कुठेही न्या, स्पिंडल तेवढाच फिरणार. दोनशेसाठी किती पायऱ्या, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. आणि शंभरसाठी किती पायऱ्या, असं विचारलं तर प्रत्येक पायरी हेच उत्तर. एका प्रश्नाला एकही उत्तर नाही, दुसऱ्याला अगणित. पाया एक नसावा, असं पुस्तक म्हणतं ते एवढ्याचसाठी. कॅल्क्युलेटरही हेच सांगतो, फक्त त्याच्या भाषेत. कोणत्याही पायावरचा लॉग काढताना आपण त्या संख्येच्या लॉगला पायाच्या लॉगने भागतो. पाया एक असेल तर भाजक शून्य होतो आणि पडद्यावर एरर येते.

गुणोत्तर शून्य केलं तर पहिल्याच पायरीवर स्पिंडल थांबतो आणि पुढे सगळीकडे थांबलेलाच राहतो. खालच्या पायरीवर यायचं म्हणजे शून्याने भागायचं. तेही होत नाही. शून्य पाया इथेच बाद होतो.

ऋण पायाची गोष्ट जास्त रंजक आहे आणि वर्गात खरा वाद तिथे होतो. हुशार मुलगी उठून विचारते, उणे दोनचा घन उणे आठ होतो की नाही? मग उणे दोन या पायावर उणे आठचा लॉग तीन का म्हणायचा नाही? हा प्रश्न कधीही झटकू नये. ती म्हणते ते खरं आहे. उणे दोनचे घात ओळीने मांडू या: −२, ४, −८, १६, −३२. पूर्ण संख्येचे घात आहेत तोवर सगळं ठीक दिसतं. पण लॉगरिदमचा सगळा उपयोग मधल्या संख्यांसाठी आहे. दोनचा लॉग, तीनचा, पाच दशांश सातचा. त्यासाठी अपूर्णांकी घात लागतात. उणे दोनचा अर्धा घात म्हणजे उणे दोनचं वर्गमूळ. वास्तव संख्यांत ते नाही. पाव घात नाही, तीन चतुर्थांश नाही. एक तृतीयांश घात मात्र आहे, कारण ऋण संख्येचं घनमूळ असतं. संख्यारेषेवर एक घात चालतो, त्याला खेटून असलेला चालत नाही, आणि दोघांच्या मध्ये पुन्हा दोन्ही जातीचे अगणित घात आहेत. तिथे वक्र काढताच येत नाही, सुटे ठिपके मिळतात.

एवढ्यावरही थांबत नाही. उणे आठचा एक तृतीयांश घात उणे दोन. आता एक तृतीयांशऐवजी दोन षष्ठांश लिहा. संख्या तीच आहे. आधी वर्ग करा, चौसष्ट आले. त्याचं सहावं मूळ काढा, अधिक दोन. घात एकच, पायाही एकच, आणि उत्तरं दोन, एकमेकांच्या उलट चिन्हांची. घातांकांचे जे नियम आपण आठवीपासून वापरतो, ते ऋण पाया घेतला की आपल्याच हातात मोडतात. त्या मुलीला हे फळ्यावर करून दाखवलं पाहिजे. मग तिला अट पाठ करावी लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार जणांच्या नजरेतून निसटते. शून्य आणि एक यांच्यामधला पाया चालतो. अर्धा हा पाया घेतला तर आठचा लॉग उणे तीन येतो, कुठेही अडत नाही. फक्त दिशा उलटते: संख्या वाढली की लॉग कमी होतो, आणि असमतेचं चिन्ह फिरतं. आपल्याकडचे प्लेटिंगवाले असा पाया रोज वापरतात. सांडपाण्याचा पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा, एक दशांश या पायावरचा लॉग. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सनने तो मांडला. म्हणून आम्ल वाढलं की पीएच उतरतो, आणि पीएच एकने उतरला की आम्लता दहापट झालेली असते.

आता दुसरी अट, आतल्या संख्येची. इथे मला चारशे वर्षं मागे जायचं आहे, कारण उत्तर मूळ शोधकाच्या कल्पनेतच मिळतं.

स्कॉटलंडमधल्या मर्चिस्टनच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमचा पहिला ग्रंथ छापला. त्याच्यासमोर घात नव्हते, पाया ही कल्पनाही नव्हती. त्याने दोन बिंदू धावायला लावले. एक बिंदू अमर्याद रेषेवर एकाच वेगाने जात राहतो. दुसरा एक कोटी एकक लांबीच्या रेषेवर, तिच्या टोकाकडे जातो. दोघांचा सुरुवातीचा वेग सारखा. पण दुसऱ्याचा वेग नेहमी उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो: अर्धं अंतर उरलं की वेग अर्धा, दहावा भाग उरला की वेग दहावा भाग. दुसऱ्याचं जे अंतर उरलं आहे, त्याचा लॉगरिदम म्हणजे पहिल्याने तोवर कापलेलं अंतर. ही नेपियरची व्याख्या.

या चित्राकडे नीट बघा. उरलेलं अंतर शून्य कधी होईल? कधीच नाही. बिंदू टोकाच्या जितका जवळ जातो तितका मंदावतो. तोवर पहिला बिंदू पुढे जातच राहतो, त्याला अंत नाही. शून्याचा लॉग नाही, हे नेपियरला वेगळ्या नियमाने सांगावं लागलं नाही. आणि टोकाच्या पलीकडे तर बिंदू पोचतच नाही, मग ऋण संख्येचा लॉग कुठून येणार? तेच आपण दोनच्या घातांत पाहतो. २, १, अर्धा, पाव, अष्टमांश. उणे दहावा घात १/१०२४. कितीही खाली जा, शून्य लागत नाही आणि चिन्ह बदलत नाही. धन पायाचा प्रत्येक घात धनच असतो. घातातून जे कधी बाहेर येऊच शकत नाही, ते कितव्या घातातून आलं, हे विचारता येत नाही.

लंडनचा हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये नेपियरला भेटायला एडिनबराला गेला. एकचा लॉग शून्य आणि दहाचा लॉग एक धरावा, असं दोघांच्या बोलण्यात ठरलं. १६२४ मध्ये ब्रिग्जने चौदा दशांश स्थळांपर्यंतची कोष्टकं छापली. त्याच कुळातली चार अंकी कोष्टकं महाराष्ट्रातल्या बारावीच्या मुलांच्या हातात दिसतात. भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. ही पद्धत मला आवडते. लॉग टेबल उघडणाऱ्या मुलाला अटींची गाठ हातानेच पडते. इलेक्ट्रॉनचा प्रभार उणे १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. टेबलात उणे १.६ नाही. मुलगा चिन्ह बाजूला काढून ठेवतो, १.६ चा लॉग बघतो, आकडेमोड झाल्यावर चिन्ह परत लावतो. आणि ०.०२ चा लॉग ‘बार दोन दशांश ३०१०’ असा लिहितो, म्हणजे उणे दोन अधिक ०.३०१०. तिथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. लॉगचं उत्तर ऋण असू शकतं, −१.६९९० हे अगदी योग्य उत्तर आहे. आतली संख्या ऋण असू शकत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की पुढची दोन वर्षं त्या मिसळलेल्याच राहतात.

आतली संख्या केवळ धन असून भागत नाही, ती निव्वळ संख्याच असावी लागते, हे पुस्तक सहसा सांगत नाही. पाच मीटरचा लॉग नसतो, पाच किलोचाही नसतो. दोन सारख्या राशींचं गुणोत्तर आत घालावं लागतं. आवाजाचं डेसिबल त्यामुळेच २० मायक्रोपास्कल या ठरलेल्या दाबाशी तुलना करून काढतात. शून्य डेसिबल म्हणजे नीरव शांतता नव्हे. मापलेला दाब त्या ठरलेल्या दाबाएवढा आहे, एवढाच त्याचा अर्थ. संपूर्ण शांततेचं डेसिबल कोणताही मीटर दाखवू शकत नाही, कारण तिथे शून्याचा लॉग मागितला जाईल. आवाजाच्या २००० सालच्या नियमांत औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ डेसिबल आणि निवासी क्षेत्रासाठी ५५ ही मर्यादा आहे. आकुर्डीत एमआयडीसी आणि प्राधिकरणाची घरं हाकेच्या अंतरावर आहेत. आकड्यांतला फरक वीसचा दिसतो, पण आवाजाच्या तीव्रतेत तो शंभरपट आहे. आणि ८५ डेसिबलच्या दोन प्रेस शेजारी शेजारी चालल्या तर १७० होत नाहीत, ८८ होतात.

इथून लोकलने दोन स्टेशनं गेलं की पिंपरी. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि या सगळ्या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाचं एक मोठं पान सुरू झालं. इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात निर्जंतुकीकरणाचा हिशेब लॉगने करतात. समजा एका बाटलीत दहा लाख जंतू आहेत. ठरावीक तापमानाला ठरावीक मिनिटांत त्यांतला दहावा भाग उरतो: एक लाख, मग दहा हजार, मग हजार. अशा सहा टप्प्यांनंतर एक उरतो. सातव्या टप्प्यानंतर किती? शून्य म्हणायचा मोह होतो. पण हिशेब म्हणतो एक दशांश, म्हणजे अशा दहा बाटल्यांत मिळून एखादा जिवंत जंतू असण्याचा संभव. बाराव्या टप्प्यानंतर दहा लाखांत एक. औषधनिर्मितीत ‘निर्जंतुक’ या शिक्क्याची कसोटी हीच दहा लाखांत एक ही शक्यता आहे. शून्य कोणी लिहून देत नाही. रुग्णाच्या शिरेत काय जातं याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला शून्याचा लॉग का नसतो, हे नीट कळलेलं असावं लागतं.

आता एक जुना वाद. मोठमोठी माणसंही या अटीशी झगडली आहेत, हे आपल्या मुलांना कळायला हवं. १७१२-१३ मध्ये लायब्निझ आणि योहान बर्नुली यांच्यात पत्रांतून ऋण संख्यांच्या लॉगवरून मतभेद झाले. बर्नुलीचं म्हणणं साधं होतं. उणे क्षचा वर्ग आणि अधिक क्षचा वर्ग एकच. दोन्हीकडे लॉग घ्या. उणे क्षच्या लॉगची दुप्पट म्हणजे क्षच्या लॉगची दुप्पट. म्हणून दोन्ही लॉग सारखे, आणि उणे एकचा लॉग शून्य. लायब्निझला हे मान्य नव्हतं. ऋण संख्यांचे लॉग काल्पनिक आहेत, असं तो म्हणत राहिला. दोघांच्या हयातीत निकाल लागला नाही. तो बर्नुलीच्याच शिष्याने, लिओनार्ड ऑयलरने, १७४९ मध्ये बर्लिन अकादमीसाठी लिहिलेल्या निबंधात दिला.

ऑयलरने दाखवलं की काल्पनिक संख्यांना दार उघडलं तर शून्य सोडून प्रत्येक संख्येला एक नव्हे, अनंत लॉग असतात. नैसर्गिक लॉग घेतला तर अधिक एकचे लॉग म्हणजे शून्य आणि काल्पनिक एककाने गुणलेल्या ‘पाय’च्या सगळ्या सम पटी. उणे एकचे लॉग म्हणजे त्याच्या सगळ्या विषम पटी. विषमाची दुप्पट सम होते, म्हणून बर्नुलीची दुप्पट खरी होती. पण तिच्यावरून त्याने शून्यच निवडला, तिथे तो चुकला. धन संख्येच्या अनंत लॉगांपैकी बरोबर एक वास्तव असतो आणि ऋण संख्येचा एकही नसतो. म्हणजे आपल्या पुस्तकातली ती अट वास्तव संख्यांपुरती पक्की आहे. आणि शून्याला ऑयलरच्या या मोठ्या जगातही लॉग नाही. द’आलांबेरसारख्या गणितज्ञाला ऑयलरचं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नाही, इतका हा प्रश्न अवघड होता.

बर्नुलीचा तो सापळा आपल्या परीक्षेत अजून आहे. क्षचा लॉग अधिक क्ष वजा तीनचा लॉग बरोबर एक, पाया दहा. मुलं दोन्ही लॉग एकत्र करतात, वर्गसमीकरण मिळतं, उत्तरं ५ आणि −२. मग ‘−२ अमान्य’ असं लिहून पुढे जातात. ते उणे दोन आलं कुठून? उणे दोन आणि उणे पाच यांचा गुणाकार दहा, आणि दहाचा लॉग एक. गुणाकार धन आहे, घटक ऋण आहेत. दोन लॉग एकत्र करताना आपणच अट सैल केली आणि एक नवी संख्या आत आली. एवढं समजलेल्या मुलाला ‘अमान्य’ हा शब्द कारणासकट लिहिता येतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. ही अट उपयोगाला येते. चाकणच्या एखाद्या कारखान्यात महिन्याचं उत्पादन ठरवायचं आहे: कोणता भाग किती बनवायचा, कोणत्या यंत्रावर, की खर्च कमीत कमी व्हावा. नगांची संख्या ऋण असू शकत नाही, यंत्राचे तास मर्यादेबाहेर जाऊ शकत नाहीत. अशा प्रश्नांसाठी १९४७ पासून डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत होती. ती मर्यादांच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. १९८४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या नरेंद्र करमरकरांनी आतून जाणारी रीत दिली. मराठी घरातला, आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस. त्यांच्या रीतीच्या गाभ्यात लॉगरिदमांची बेरीज आहे. दोनच वर्षांत इतर संशोधकांनी दाखवलं की तिचं जुन्या ‘लॉग-अडसर’ पद्धतीशी जवळचं नातं आहे. त्या पद्धतीत खर्चात प्रत्येक नगसंख्येच्या लॉगचा उणे हिस्सा मिळवतात. एखादी संख्या शून्याकडे झुकली की तिचा लॉग उणे अनंताकडे कोसळतो, खर्च आकाशाला भिडतो, आणि गणना आपोआप आत वळते. ऋण होऊ नकोस असं तिला वेगळं सांगावं लागत नाही. शून्याच्या दाराशी लॉगरिदम जे नाकारतो, त्या नकाराचीच इथे भिंत झाली. ज्या ओळीला मुलं कंटाळतात, तिच्यातून आपल्या एका माणसाने जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतींना नवं वळण दिलं.

समोर अकरावी-बारावीचे आणि पॉलिटेक्निकचे पुष्कळ शिक्षक बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. लॉगरिदमचा धडा सुरू कराल तेव्हा अटीची ओळ आधी लिहू नका. मुलांना पाया एक घेऊन तक्ता करू द्या, शून्य घेऊ द्या, उणे दोन घेऊन अर्धा घात काढायचा प्रयत्न करू द्या. दोनला अर्ध्याने गुणत गुणत शून्यापर्यंत पोचायला सांगा. एक तास जास्त जाईल, तो जाऊ द्या. मग ती ओळ फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या.